एकोणिसावं गेट

चंडीगड विमानतळाशेजारच्या एयरोसिटीत राहणाऱ्यांना हिवाळा आधी कानांनी कळतो. एरवी दिवसभर डोक्यावरून विमानं जातात, आणि फोनवर बोलता बोलता "थांब, विमान" म्हणून गप्प राहायची आम्हाला सवय झालेली असते. मग डिसेंबर संपता संपता एक सकाळ अशी येते की विमानच नाही. धावपट्टी धुक्यात बुडालेली, समोरची इमारत गायब, खालचा गजक-रेवडीवाला नुसत्या हाकेवरून ओळखायचा. मंदार, माझा नवरा, घरून काम करायला मिळालं म्हणून खूश असतो, आल्याचा चहा दोनदा करून घेतो. मला मात्र त्या शांततेत बसवत नाही. बावीस वर्षं झाली, तरी विमानं थांबली की मला एक आवाज ऐकू येतो. वॉकी-टॉकीत खरखरत कुणीतरी म्हणतं, "सब ठीक है. आ जा." तो आवाज माझाच आहे.

मी एकेकाळी स्कीइंगच्या शर्यतीत देशात पहिली होते, सलग पाच हिवाळे. हे वाक्य लिहितानाही मला हसू येतं, कारण आमच्या साताऱ्याच्या नातेवाइकांना मी नेमकं काय करते ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकू लग्नकार्यात ओळख करून द्यायच्या, "ही आमची वसुधा, बर्फावरून घसरते." त्यात चूक काही नव्हतं. भारतात बर्फावरची विजेती म्हणजे काय, तर परदेशात स्पर्धेला गेले की माझं नाव यादीत तळाला शोधायचं, आणि तिथंच सापडायचं. पण इकडे, आमच्या त्या एका उतारावर, मी राणी होते. खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडायचं.

बाबा लष्करात इंजिनियर. मनालीच्या वरच्या रस्त्यांच्या कामावर त्यांची बदली झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. थंडीत शाळा बंद, आणि गावातल्या मुली लाकडी फळ्या पायांना बांधून घराच्या मागच्या उतारावरून खाली सुटलेल्या. त्यात पाल्मो होती. माझ्याहून वर्षाने लहान, गाल फुटलेले, नाक कायम वाहतं. पहिल्याच दिवशी तिने मला मुद्दाम कुंपणावर नेऊन आदळवलं आणि मग स्वतःच हात धरून उठवलं. आमची मैत्री तिथून सुरू झाली. पुढे आम्हाला शिकवायला नेगी सर आले, क्लब निघाला, फळ्यांच्या जागी खऱ्या स्की आल्या. स्कीच्या तळाला गरम मेण लावावं लागतं, ते इस्त्रीने वितळवून पसरायचं. त्यासाठी आम्ही आईची इस्त्री पळवली. त्यानंतर बाबांच्या युनिफॉर्मवर मेणाचे डाग पडले आणि घरात महाभारत झालं. आजही खालचा प्रेसवाला कोळशाच्या इस्त्रीवर पाणी शिंपडतो तेव्हा तापलेल्या लोखंडाचा वास येतो, आणि मी जिन्यात दोन मिनिटं उभी राहते. तो विचारतो, "मैडम जी, कुछ देना था?" मी म्हणते, काही नाही.

शर्यत काय असते ते थोडक्यात सांगते. उतारावर ठरावीक अंतराने काठ्या रोवलेल्या असतात, त्यांना कापड बांधलेलं. त्यांना गेट म्हणतात. एकही गेट न चुकवता नागमोडी जात जो सगळ्यांत कमी वेळात खाली पोहोचतो तो जिंकला. शर्यतीआधी एकदाच त्या वाटेच्या कडेने, स्की आडव्या धरून, हळूहळू घसरत जायची परवानगी मिळते. तेव्हा प्रत्येक गेट पाठ करायचं. मग वर येऊन, आपली पाळी येईपर्यंत डोळे मिटायचे आणि तळहात समोर धरून, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, सगळी वाट मनात उतरायची. गुडघे हलतात, खांदे झुकतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं की डोंगरावरच्या सगळ्या बायकांच्या एकदम अंगात आलंय. माझी आई एकदाच शर्यत बघायला आली होती आणि हे बघून घाबरली होती.

ती सवय माझी गेली नाही. सेक्टर सतरात माझं ऑफिस आहे, खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेली नोकरी. फाइल समोर उघडी असते आणि माझा हात टेबलावर हळूच वळायला लागतो. शेजारची हरप्रीत म्हणते, "वसुधा जी, फिर मच्छर?" मी म्हणते हो, मच्छर. जानेवारीत चंडीगडला डास नसतात, हे तिलाही माहीत आहे, पण ती चांगली बाई आहे. ट्रॅफिक सिग्नलला तर मी स्टीअरिंगवर हात ठेवून सरळ डोळेच मिटते. मागचे हॉर्न वाजवतात तेव्हा मी अजून सतराव्या-अठराव्या गेटापाशी असते.

वाट नेहमी तीच असते, त्या एका दिवसाची.

नेगी सरांचा एक नियम होता. आमच्या क्लबातली जी मुलगी खाली पोहोचेल तिने धाप लागलेली असतानाच वॉकी-टॉकी घ्यायची आणि वर थांबलेल्या आपल्या पुढच्या मुलीला वाटेचा हाल सांगायचा. कुठे बर्फ भुसभुशीत आहे, कुठे आधीच्यांच्या स्कींनी चर पाडलाय, कुठे वरचा थर खरवडून खालचा कडक, निळसर बर्फ उघडा पडलाय. त्या कडक बर्फाला आम्ही शीशा म्हणायचो, कारण त्यावर स्कीची धार काचेवर नख घसरावं तशी घसरते. वर उभ्या असलेल्या मुलीला हे दिसत नाही. तिने फक्त ऐकायचं आणि विश्वास ठेवायचा. एकीने दुसरीला खोटं सांगितलं असं आमच्या क्लबात कधी झालं नव्हतं. एकमेकींचे मोजे चोरणं, डब्यातला पराठा खाणं, हे सगळं चालायचं. वॉकी-टॉकीवर मात्र कुणी थट्टासुद्धा करत नसे.

त्या हिवाळ्यात पाल्मो माझ्यापुढे निघून गेली होती. सरावात रोज ती माझ्याआधी खाली पोहोचायची आणि बर्फात पाय पसरून माझी वाट बघत बसायची. मी आले की म्हणायची, "आ गई दीदी?" एरवी ती मला वसुच म्हणायची. हे दीदी नवीन होतं आणि ते मला झोंबायचं. मी हसायचे.

शर्यतीच्या दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत ती पहिली आली, मी दुसरी. अंतर किती, तर पापणी लवायला लागतं तेवढं. दुसऱ्या फेरीत उलटा क्रम असतो, म्हणजे पहिली आलेली सगळ्यांत शेवटी सुटते. त्यामुळे माझ्यानंतर फक्त पाल्मो होती, आणि तिला वाटेचा हाल सांगायचं काम माझं होतं.

मी सुटले. दहापर्यंत सगळं छान. अकरा, बारा जरा उभा उतार. पंधरानंतर देवदारांची सावली वाटेवर येते, डोळ्यांना एकदम गार वाटतं. सतरा, अठरा. एकोणिसाव्या गेटाला डावीकडे वळायचं, म्हणजे सगळा भार उजव्या पायावर. आणि इथे दर वेळी माझा हात थांबतो. तिथे स्कीखालचा आवाज बदलला होता का? सुरसुर चाललेली असताना मध्येच खर्रकन वाजलं का? पाय क्षणभर सुटून परत धरला गेला का? काही सकाळी मी मनात ती वाट उतरते तेव्हा मला ते अगदी स्वच्छ जाणवतं. दुसऱ्या दिवशी उतरते तेव्हा काहीच नसतं, नुसती मऊ वाट. मी चांगली होते, हो. चांगल्या पायांना वाईट जागा कळत नाही असंही होतं. बावीस वर्षं मी या एका गोष्टीचा निकाल लावायला बसले आहे.

खाली पोहोचले, फळ्यावरची वेळ बघितली. उत्तम होती. सरांच्या मदतनिसाने वॉकी-टॉकी हातात दिला. वरून पाल्मोचा आवाज आला, "बोल वसु, कैसा है?"

"सब ठीक है," मी म्हणाले. "आ जा."

सावलीतून ती बाहेर आलीच नाही. आधी काठी मोडल्याचा आवाज आला आणि मग कुणीतरी शिटी वाजवायला लागलं. मला पदक मिळालं, ते त्याच दिवशी, स्ट्रेचर गेल्यावर अर्ध्या तासाने. गळ्यात घालणाऱ्या साहेबांचे हात फार गरम होते, एवढंच त्या समारंभातलं माझ्या लक्षात आहे.

तिला इथे चंडीगडला आणलं, मोठ्या इस्पितळात. बाबांचीही बदली तोवर इथेच झाली होती. म्हणून त्या वर्षीचं चंडीगडचं धुकं मी पहिल्यांदा चालत पाहिलं. रोज सकाळी घरून निघायचं, चौक सगळे सारखेच दिसायचे, त्यात धुकं, मी कित्येकदा चुकून भलत्याच सेक्टरात जायचे. हातात मोसंबीची पिशवी. तिची आई व्हरांड्यात जमिनीवर बसून लोकरीचे मोजे विणत असायची. मला बघून उठायची, माझे दोन्ही हात स्वतःच्या हातांत धरून चोळायची, आणि मुठीत सुकी खुबानी, म्हणजे जर्दाळू, कोंबायची. म्हणायची, "तू तो इसकी बहन है." मी आत जायचे. पाल्मोचा पाय वजनं लावून टांगलेला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, आणि गुडघ्याचं तर डॉक्टर नीट काही सांगतच नव्हते.

एकदा नेगी सर कागद घेऊन आले. अपघाताचा अहवाल द्यायचा होता. त्यांनी तिला विचारलं, "नीचे से रिपोर्ट क्या मिली थी?"

मी मोसंबी सोलत होते. पाल्मो छताकडे बघत म्हणाली, "ठीक मिली थी, सर. मैं ही गलत लाइन पर चली गई. मेरी गलती है."

मी मोसंबी सोलतच राहिले. एक फोड तिच्या तोंडात घातली. उतारावरचं मला नक्की ठाऊक नसेल, पण त्या खोलीत मी गप्प बसले हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याला काही सबब नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी गुडघा दुखतो म्हणून शर्यती सोडल्या. लोकांना वाईट वाटलं. मला नोकरी मिळाली, लग्न झालं, रेवा झाली. पाल्मोचा डावा पाय आखूड राहिला. ती गावी परत गेली आणि लहान मुलांना स्की शिकवायला लागली, असं कुणाकुणाकडून कळायचं. सुरुवातीला आम्ही दिवाळीला आणि लोसरला, म्हणजे तिच्याकडच्या नव्या वर्षाला, फोन करायचो. मग फक्त मेसेज. मग तिच्याकडून फुलांचे फोटो येत आणि मी हात जोडल्याची खूण पाठवत असे. पाऊस पडून हवा स्वच्छ झाली की आमच्या गच्चीवरून कसौलीच्या डोंगरामागे एक पांढरी रेघ दिसते. मंदार म्हणतो तो ढग आहे. असेलही. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिकडे पाठ करून उभी राहते.

या डिसेंबरात रेवाने शाळेतून एक फॉर्म आणला. हिवाळी शिबिर, दहा दिवस, स्कीइंग. रेवा चौदा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. "मम्मा, साइन कर दो ना प्लीज. तुम तो चैंपियन थीं यार, तुम्हें तो खुद भेजना चाहिए था." फॉर्मवर मुख्य प्रशिक्षकाचं नाव होतं. पाल्मो. मी तो फॉर्म तीन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. तिला काय सांगून थांबवणार होते? थंडी फार असते? मी सही केली, आणि सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर तिला बसमध्ये बसवताना तिच्या टोपीचे बंद चार वेळा बांधले. "मम्मा, बस करो ना," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. इकडे धुकं फाटून पिवळं ऊन पडलं होतं, मी ऑफिसला सुट्टी टाकून बाल्कनीत मटार सोलत बसले होते.

"मम्मा, यहाँ एक अजीब रूल है. 'ठीक है' बोलना मना है! बोला तो पूरी ढलान वापस चढ़नी पड़ती है, पैदल."

"मग काय बोलायचं?"

"जो नीचे पहुँचे, वो ऊपर वाले को हर गेट का बताए. नंबर से. एक में पाँव को क्या लगा, दो में क्या लगा. कुछ नहीं लगा तो वो भी बोलो. इतना बोर होता है ना!"

"असं का गं?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

"पाल्मो मैम की एक दोस्त थी, बहुत बड़ी चैंपियन. उसके पाँव इतने अच्छे थे कि उसे शीशा लगा ही नहीं. आराम से निकल गई, इसलिए बोली 'ठीक है'. फिर पीछे मैम गिर गईं. मैम कहती हैं, उसकी कोई गलती नहीं थी. जो बहुत अच्छा चलता है उसे पता नहीं चलता कि दूसरा कहाँ गिरेगा. इसलिए सब बताना पड़ता है." मग जरा थांबून, "मम्मा, तुम जानती हो उसे?"

मटाराच्या शेंगा मांडीवर तशाच होत्या. त्या डोंगरावर बावीस वर्षं पोरं माझ्या गोष्टीवरून शहाणी होत होती, आणि पाल्मोने मला त्यात एकदाही दोषी धरलं नव्हतं. जो निकाल मला हवा होता तोच तिने देऊन टाकला होता, तोही माझ्या बाजूने. मी तो नुसता घ्यायचा होता. आणि तेव्हाच माझ्या उजव्या पायाला ते जाणवलं, बाल्कनीत बसल्या जागी. खर्रकन वाजलं होतं. पाय सुटला होता आणि मी तो परत धरला होता. मला त्या वेळीही कळलं होतं. खाली पोहोचेपर्यंत मी ते विसरले नव्हते.

"रेवा, मॅडमना फोन दे," मी म्हणाले.

बर्फावरून कुणी लंगडत येताना जो आवाज होतो, एक पाऊल खोल, एक उथळ, तो मला फोनमधून ऐकू आला.

"बोल वसु," पाल्मो म्हणाली. जणू काल रात्रीच बोललो होतो. "बेटी तेरे जैसी है. ज़िद्दी."

"पाल्मो, उन्नीस पर शीशा था. बाईं तरफ मुड़ते ही, दाहिने पाँव के नीचे. मुझे लगा था. मुझे पता था. मैंने नहीं बताया." एका दमात बोलले. आवाज विचित्र निघाला, चौदा वर्षांच्या मुलीचा निघावा तसा.

तिकडे पोरांचा गलका चालला होता. पाल्मो त्यांच्यावर काहीतरी ओरडली, मग फोनवर आली.

"पता है. तू बोलने से पहले रुकी थी. तू कभी नहीं रुकती थी."

"तुला माहीत होतं? तरी तू सुटलीस?"

मी मराठीत बोलले हे माझ्या लक्षातच आलं नाही. तिला ते समजलं. "तूने बोला था ना, आ जा. मैं आ गई."

"तो बच्चों को झूठ क्यों बताती है? मेरी गलती नहीं थी, ऐसा?"

"झूठ का क्या है. जान-बूझकर चुप रहना तो बच्चे खुद सीख लेते हैं, वो सिखाना नहीं पड़ता." ती खोकली. थंडीत ती पूर्वीपासून खोकते. "चल, अब आगे का बता."

"आगे का?"

"उन्नीस के आगे का. आँखों से तो देखा था मैंने, चलकर नहीं देखा. बीस कैसा था, इक्कीस कैसा था. इकतीस तक थे. तू जीती थी उसमें, बता ना. इतने साल हो गए, मुझे जानना है."

ती चेष्टा करत नव्हती. मी डोळे मिटले, हात वर धरला. सतरा. अठरा, सावली. एकोणीस, पाय सुटला, धरला. आणि पुढे काही नाही. ना वळण, ना काठी, ना उतार. इतकी वर्षं मी त्या गेटापर्यंत येऊन परत वर जात होते, पुढे कधी गेलेच नव्हते. मी पुन्हा वरून सुरुवात केली, जरा वेगाने, की त्या ओघात तरी पुढचं एखादं हाती लागेल. नाही लागलं.

"पाल्मो, मुझे याद नहीं."

"एक भी नहीं?"

"एक भी नहीं."

माझ्या डोक्यावरून एक विमान गेलं, आणि ते पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघी थांबलो.

"तो फिर उस दिन," पाल्मो म्हणाली, "हम दोनों में से कोई नीचे नहीं पहुँचा."